४८० एकर आणि पायांची काटकसर

कोलकाता म्हटले की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे हावड्याचा पूल, व्हिक्टोरिया स्मारक, दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ उभे राहतात. रजा प्रवास सवलतीचा लाभ घेऊन गीतांजली एक्सप्रेसने हावड्यास उतरणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांचा कार्यक्रमही बहुधा असाच आखलेला असतो. गेल्या काही वर्षांत मात्र त्या यादीत आणखी एका नावाची भर पडली आहे. ते म्हणजे न्यू टाउनमधील इको पार्क, अर्थात ‘प्रकृती तीर्थ’.

आपल्याकडे नवी मुंबईला जशी सिडको, तशी न्यू टाउनला हिडको. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने कोलकात्याच्या पूर्वेला, राजारहाटच्या परिसरात हे नियोजित शहर वसवले आणि तेथेच हे उद्यान उभारले. डिसेंबर २०१२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. क्षेत्रफळ सुमारे ४८० एकर. आकडा वाचून काही बोध होत नाही, म्हणून दादरच्या शिवाजी पार्कशी तुलना करून पाहावी. ते मैदान साधारण २८ एकरांचे. म्हणजे एका इको पार्कात सतरा शिवाजी पार्क सामावतील! त्यातही सुमारे १०४ एकरांवर केवळ पाणी आहे आणि त्या तलावाच्या मध्यभागी एक बेट आहे.

खरी मेख या तलावातच आहे. समोरच्या काठावरील वास्तू डोळ्यांना हाकेच्या अंतरावर भासते. पायांना मात्र तेथे जाण्यास पाण्याला वळसा घालून जावे लागते. त्यामुळे पहिल्या तासाभरात उत्साहाने भटकलेली मंडळी दुसऱ्या तासात बाक शोधू लागतात. बांबूची बाग, चहाची बाग, गुलाबवाटिका, फुलपाखरांचे उद्यान, मुखवट्यांची बाग यांपैकी निम्मे पाहून होते न होते तोच लहान मुले कडेवर येतात. घरातील आजी तर प्रवेशद्वारापाशीच सांगून टाकतात, “तुम्ही या पाहून, मी बसते इथेच.” दीड-दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या माणसाने शेवटच्या एका किलोमीटरसाठी माघार घ्यावी, याहून तोट्याचा व्यवहार कोणता?

तो टाळण्याची साधने उद्यानातच आहेत. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, छोटी आगगाडी आहे, भाड्याने मिळणाऱ्या सायकली आहेत. दोघांनी मिळून चालवायची सायकलही आहे. तलावात नौकाविहाराची सोय आहे, त्यात शिकारेही आहेत. गोम अशी की, यांतील प्रत्येक वाहन आपल्याला कुठे तरी पोहोचवण्यासाठीच असते असे नाही. पुण्याच्या पेशवे पार्कातील फुलराणीत बसणारा कोणीही ‘पुढच्या थांब्यावर उतरतो’ म्हणत नाही; ती फेरी मारून आणते, आनंद देते आणि जिथून उचलले तिथेच सोडते. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी खिडकीवर एवढे अवश्य विचारावे : हे वाहन पुढे नेऊन उतरवते, की फिरवून येथेच परत आणते? उतरवणारे असेल तर ते प्रवासाच्या खर्चात धरावे, परत आणणारे असेल तर करमणुकीच्या. ही दोन खाती एकत्र केली की पैसाही जातो आणि चालणेही टळत नाही.

मोठ्या उद्यानांच्या रचनेत हा प्रश्न नवा नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले, तेव्हा त्याच्या रचनाकारांनी मोटारतळ आणि मुख्य उद्यान यांच्यामध्ये मुद्दामच एक तलाव ठेवला. पर्यटक मोटार ठेवतो आणि मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पलीकडे जातो. सुमारे २५ हजार एकरांच्या त्या परिसरात मोनोरेल, बस, नौका आणि २०१९ पासून आकाशपाळणे अशी वाहतूक चालते. या साधनांसाठी वेगळे तिकीट घ्यावे लागत नाही. तेथे वाहन हा सेवेचा भाग समजला जातो. आपल्याकडील उद्यानांत ते अद्याप गंमतीचा भाग समजले जाते, हा फरक ज्येष्ठांच्या दृष्टीने लहान नव्हे. अर्थात तेथील प्रवेशमूल्याचा आकडा पाहिला की इको पार्कच्या खिडकीवरील दर सुसह्य वाटू लागतात, हेही खरे!

असो. इको पार्कात मुलांचे सर्वाधिक आकर्षण म्हणजे जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती. ताजमहाल, पिरॅमिड, चीनची भिंत, रोमचे कलोसियम, पेट्रा, रिओ येथील ख्रिस्ताचा पुतळा आणि ईस्टर बेटावरील पाषाणमूर्ती तेथे एकमेकांच्या शेजारी आहेत. या भागात छायाचित्रांच्या नादात पुष्कळ चालणे होते, ते ध्यानात येत नाही. म्हणून तो अगदी शेवटी न ठेवता, पायांत बळ असताना पाहावा. बागा त्यानंतर गाडीतून पाहिल्या तरी चालतात. नौकाविहार संध्याकाळसाठी राखून ठेवावा. एक तर ऊन उतरलेले असते आणि दुसरे म्हणजे तेवढा वेळ पायांना विश्रांती मिळते.

सोमवारी उद्यान सामान्यतः बंद असते. नाताळ आणि १ जानेवारी हे दिवस बंगाली कुटुंबांच्या सहलींचे. त्या दिवशीची गर्दी पाहता वाहनाच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा चालणे बरे वाटावे. विमानाने येणाऱ्यांस न्यू टाउन जवळ पडते. हावड्याहून येणाऱ्यांना मात्र हुगळी ओलांडून सारे शहर पार करावे लागते, त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

उद्यानाला अनेक प्रवेशद्वारे आहेत आणि ती क्रमांकांनी ओळखली जातात. टॅक्सीचालकाला नुसते ‘इको पार्क’ सांगून भागत नाही. क्रमांक सांगावा लागतो. परतताना तर त्याहून अधिक. दिवे लागल्यावर सारी द्वारे सारखीच दिसतात आणि तलावापलीकडच्या द्वारी टॅक्सी उभी असल्याचे कळते, तेव्हा पुन्हा तोच वळसा समोर येतो. आजींना बॅटरीच्या गाडीने जिथे उतरायचे आहे, त्याच द्वाराचा क्रमांक टॅक्सीचालकाला सकाळीच देऊन ठेवावा.