महजूब शरीफ : सुदानच्या जनतेचा कवी

महजूब शरीफ (१९४८–२०१४) हे पेशाने शिक्षक होते. सुदानमध्ये लोक त्यांना ‘जनतेचा कवी’ म्हणत, आणि ही पदवी लोकांनीच दिलेली होती. ग्रांथिक अरबी बाजूला ठेवून ते घरीदारी, बाजारात बोलल्या जाणाऱ्या सुदानी अरबीत लिहीत. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही त्यांची कविता एकदा ऐकली की समजे आणि पाठही होई. मोहम्मद वर्दी या लोकप्रिय गायकाने त्यांच्या रचना गायिल्या, तेव्हा त्या देशभर पोहोचल्या.

२५ मे १९६९ रोजी जाफर निमेरी यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. डाव्या विचारांच्या अनेक तरुणांना त्यात नव्या सुदानची चाहूल लागली. विशीतल्या शरीफ यांनीही त्या राजवटीच्या स्वागताची गीते लिहिली. हा भ्रम दोनच वर्षे टिकला. जुलै १९७१मध्ये निमेरींविरुद्धचा उठाव तीन दिवसांत फसला आणि कम्युनिस्ट पक्षाचे नेते अब्दुल खालिक महजूब यांना फाशी देण्यात आले. शरीफ यांनी त्यांच्यावर शोकगीत लिहिले. स्वतः शरीफही तुरुंगात गेले. पुढे निमेरींच्या कारकिर्दीत त्यांना पुन्हा पुन्हा अटक होत राहिली. ज्याचे स्वागत केले त्याच्याच विरोधात उभे राहण्याचे हे धैर्य त्यांच्या पुढच्या सगळ्या कवितेच्या मुळाशी आहे.

तुरुंगातील कवितांपैकी आई मरियम हिला उद्देशून लिहिलेली कविता सुदानमध्ये फार जिव्हाळ्याने म्हटली जाते. आपण कृतघ्न मुलगा नाही, चोर नाही, गद्दारही नाही, असे तो कैदी आईला सांगतो. तिची आठवण येते, पण केल्याचा पश्चात्ताप नाही. राजकीय कैद्याची बाजू इतक्या साध्या घरगुती शब्दांत मांडणारी कविता क्वचितच सापडेल. कोठडीत मुलगा असलेल्या प्रत्येक घराला ती आपली वाटली, यात नवल नाही.

एप्रिल १९८५मध्ये जनआंदोलनाने निमेरींची राजवट संपली. मोकळा श्वास मात्र चारच वर्षांचा ठरला. ३० जून १९८९ रोजी ओमर अल-बशीर यांनी सत्ता बळकावली आणि शरीफ यांना पुन्हा अटक झाली. केवळ मतांसाठी डांबलेला कैदी म्हणून ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांची बाजू उचलून धरली. सुटकेनंतर त्यांनी ‘रद्द अल-जमील’, म्हणजे उपकाराची परतफेड, या नावाची स्वयंसेवी संस्था उभारली. माणसाच्या हक्कांविषयी लिहायचे आणि शेजारच्या गरजूकडे पाठ फिरवायची, हे त्यांना मान्य नव्हते.

अखेरची वर्षे फुप्फुसांच्या आजारात गेली. २ एप्रिल २०१४ रोजी ओमदुर्मान येथे त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला हजारो लोक आले आणि तेथेच सरकारविरोधी घोषणा घुमल्या. डिसेंबर २०१८मध्ये सुदानमध्ये नवे आंदोलन पेटले. ६ एप्रिल २०१९पासून खार्तुममधील लष्करी मुख्यालयासमोर लोकांनी ठिय्या दिला आणि ११ एप्रिलला बशीर पदच्युत झाले. रोजच्या स्वप्नातला देश आपणच बांधू, असे सांगणारी शरीफ यांची कविता त्या आंदोलनात तरुण मुले-मुली एका सुरात म्हणत होती. त्यांतील कितीतरी जण बशीर सत्तेवर आल्यानंतर जन्मलेले होते.