ब्लॅकबर्नची दौलत आणि तिचे कारभारी

7 मे 2012 रोजी इंग्लंडच्या लँकेशर प्रांतातील ब्लॅकबर्न गावी, ईवुड पार्क नावाच्या मैदानावर विगन संघाविरुद्धचा सामना नुकता कोठे सुरू झाला होता, तोच प्रेक्षकांतून कोणी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तिच्या अंगावर ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या निळ्यापांढऱ्या रंगाचे फडके गुंडाळलेले होते, आणि लाखो पौंडांची वेतने घेणारे खेळाडू तिला धरण्यासाठी वाकत होते व ती त्यांना हुलकावण्या देत होती. प्रेक्षक हसले, परंतु त्या हास्यात आनंद नव्हता. सामना संपण्यास थोडा अवकाश असताना विगनने गोल केला आणि सलग अकरा हंगाम पहिल्या वर्गात टिकलेला हा संघ खालच्या वर्गात गेला. कोंबडी हा निषेधाचा खलिता होता, आणि त्यावरील पत्ता पुण्याचा होता. कारण कुक्कुटपालनाच्या धंद्यात नाव मिळवलेल्या पुण्याच्या ‘वेंकीज’च्या राव कुटुंबाने नोव्हेंबर 2010 मध्ये सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांस हा संघ विकत घेतला होता.

ब्लॅकबर्न आणि हिंदुस्थान यांचा संबंध मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. एके काळी या गावच्या मागांवर विणलेली धोतरे आगबोटींनी आपल्या बंदरांत उतरत आणि आपले आजे-पणजे ती नेसून स्वदेशीच्या सभांना जात, हा विरोधाभास त्या काळच्या वृत्तपत्रांस फार प्रिय होता. 1931 च्या सप्टेंबरात गांधीजी बहिष्काराने बेकार झालेल्या गिरणीकामगारांना भेटण्यास गेले ते ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेन गावी. ज्या गावाने आपल्याला वस्त्र विकले, त्या गावाचा फुटबॉल संघ आपण विकत घ्यावा, यात इतिहासाला काही हिशेब चुकता केल्यासारखे वाटले असेल, तर तो हिशेब पुढे बराच महागात पडला.

रोव्हर्सची स्थापना 1875 ची. 1888 मध्ये ज्या बारा संघांनी मिळून फुटबॉल लीग उभारली, त्यांत हा एक होता. 1928 पर्यंत त्याने एफए कप सहा वेळा जिंकला आणि 1912 व 1914 या साली तो लीगचा विजेता ठरला. पुढे कापसाचा धंदा बसला, गिरण्यांची धुरांडी विझली आणि त्यांच्याबरोबर संघही मावळला. 1966 नंतर तब्बल सव्वीस वर्षे पहिला वर्ग त्याच्या दृष्टीस पडला नाही.

या पडत्या काळी गावाला जो धनी मिळाला तो गावचाच होता. जॅक वॉकर हे पत्र्याच्या छोट्या कारखान्यापासून वर आलेले पोलादाचे व्यापारी. भाऊ फ्रेड याच्यासह वाढवलेला धंदा त्यांनी ब्रिटिश स्टीलला सुमारे 33 कोटी पौंडांस विकला होता. लहानपणी ज्या संघासाठी ते उभे राहून ओरडले, त्याचा ताबा त्यांनी 1991 च्या जानेवारीत घेतला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केनी डॅल्ग्लिश यांस व्यवस्थापक म्हणून पाचारण केले. डॅल्ग्लिश म्हणजे लिव्हरपूलचा प्रत्यक्ष आत्मा. हिल्सबरो मैदानावरील प्रेक्षकांच्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतरचा मानसिक भार असह्य होऊन ते नुकतेच तेथून बाजूस झाले होते. दुसऱ्या वर्गातील एका कोपऱ्यातल्या गावात हा मनुष्य येईल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ते आले, कारण वॉकरांनी पैशाबरोबर मुखत्यारीही दिली, आणि पहिली गोष्ट देणारे पुष्कळ असले तरी दुसरी देणारे फार थोडे असतात.

1992 च्या मे महिन्यात वेम्ब्लीवर माइक न्यूएलच्या एका पेनल्टीने लेस्टरचा पराभव होऊन संघ वर आला. पाठोपाठ ॲलन शिअरर ब्रिटनमधील तेव्हाच्या उच्चांकी किमतीस आला, 1994 मध्ये 50 लाख पौंडांस क्रिस सटन आला, आणि चौथा, दुसरा व पहिला असा तीन हंगामांत चढत गेलेला क्रम पाहून मोठ्या संघांच्या अभिमान्यांनी ‘विकत घेतलेले यश’ म्हणून नाक मुरडले. आक्षेप खरा होता, परंतु तो करणाऱ्यांच्या तिजोऱ्या काही रिकाम्या नव्हत्या.

14 मे 1995 हा दिवस मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. अखेरच्या सामन्यापूर्वी रोव्हर्सचे गुण 89 आणि मँचेस्टर युनायटेडचे 87. युनायटेडला लंडनमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध जिंकल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि रोव्हर्सचा सामना, दैवाची थट्टा पाहा, लिव्हरपूलच्याच ॲनफील्ड मैदानावर होता. शिअररने त्या हंगामातील आपला 34 वा गोल केला, पण लिव्हरपूलच्या बार्न्सने बरोबरी साधली, आणि खेळाच्या शेवटच्या क्षणांत रेडनॅपची फ्री किक जाळ्यात जाऊन रोव्हर्स हरले. हरल्याच्या त्या क्षणी लंडनहून वार्ता येऊन पोहोचली की युनायटेडचा सामना 1–1 असा अनिर्णित राहिला. 81 वर्षांनी विजेतेपद आले ते पराभवाच्या दाराने, आणि ज्यांच्या अंगणात ते आले त्या लिव्हरपूलकरांनी आपल्या जुन्या नायकाकडे पाहून टाळ्या वाजवल्या.

पुढे जे घडले त्याचा दोष पुण्याला देता येत नाही, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. डॅल्ग्लिश यांनी मैदानावरची सूत्रे रे हार्फर्ड यांच्या हाती दिली; 1996 मध्ये दीड कोटी पौंड या जागतिक उच्चांकी किमतीस शिअरर न्यूकॅसलला गेला; स्वेन योरान एरिक्सन यांनी येण्याचे कबूल करून इटलीतील लात्सिओ संघाचा रस्ता धरला; रॉय हॉजसन सहाव्या स्थानी पोहोचून पुढच्याच हंगामात बडतर्फ झाले, आणि ब्रायन किड यांच्या कारकीर्दीत 1999 साली, विजेतेपदानंतर अवघ्या चार वर्षांत, संघ खाली घसरला. या सर्व येरझाऱ्यांत टोनी पार्क्स नावाचे एक जुने खेळाडू दरवेळी रिकाम्या गादीवर हंगामी म्हणून बसत आणि नवे कारभारी येताच निमूटपणे उठत. अशी पाळी त्यांच्यावर एकूण सहा वेळा आली. कायमच्या नेमणुकीचा हुकूम एकदाही न निघालेल्या या सालस माणसाचे संघावर किती उपकार आहेत, हे कोणत्याही गुणतक्त्यात दिसत नाही.

ऑगस्ट 2000 मध्ये वॉकर वारले. त्यांच्या पश्चात विश्वस्तांनी संघ सांभाळला, पूर्वीइतका पैसा ओतला नाही, पण वहिवाट मोडली नाही. ग्रॅम सूनेस यांनी 2001 मध्ये संघ पुन्हा वर आणला आणि 2002 मध्ये कार्डिफ येथे टॉटनहॅमला 2–1 ने हरवून लीग कप मिळवला. त्यांच्यामागून मार्क ह्यूज यांनी बेताच्या पुंजीवर संघाला सहाव्या क्रमांकापर्यंत नेले. माझ्या मते ह्यूज यांची चार वर्षे हाच रोव्हर्सच्या अर्वाचीन इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा काळ होय; 1995 चा झगमगाट त्यात नव्हता, पण प्रपंच उत्पन्नात भागत होता. त्यांच्यानंतरचे पॉल इन्स सहा महिन्यांत गेले. सॅम ॲलरडाइस आले, त्यांचा खेळ देखणा नव्हता, परंतु संघ त्यांनी दहाव्या स्थानी आणून ठेवला होता.

अशा स्थितीत नवे मालक आले, आणि महिना उलटतो न उलटतो तोच ॲलरडाइस बडतर्फ झाले. त्यांच्या जागी प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांची योजना झाली, ज्यांनी कोणत्याही संघाचा स्वतंत्र कारभार पूर्वी पाहिला नव्हता. ऑक्टोबर 2011 मध्ये संघाला पुण्यास आणून बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीशी खेळवण्यात आले. त्या सुमारास याच खेळाडूंना कपडे बदलण्याच्या खोलीत कोंबडीवर ताव मारताना दाखवणारी जाहिरातही निघाली. ती पाहून ब्लॅकबर्नमधील वृद्ध प्रेक्षकास काय वाटले असेल, हे कोंबडीच्या प्रसंगावरून ताडता येते.

कीन गेल्यावर तर अंदाधुंदी माजली. 2012-13 या एकाच हंगामात कीन धरून पाच इसम त्या गादीवर बसून उठले. 1995 च्या विजेत्या संघातील हेनिंग बर्ग यांस 57 दिवसांत निरोप मिळाला, त्यांनी न्यायालयात जाऊन 22 लाख 50 हजार पौंडांचा निवाडा मिळवला. मायकेल ॲपलटन 67 दिवस टिकले. गॅरी बोयर यांनी काही काळ स्थैर्य आणले, पण त्यांच्यानंतरचे लॅम्बर्ट व कॉइल यांस मुळे धरू दिली गेली नाहीत आणि 2017 मध्ये 51 गुण मिळवूनही केवळ गोलांच्या फरकाने संघ तिसऱ्या वर्गात पडला. प्रीमियर लीगचा, म्हणजे आताच्या पहिल्या वर्गाचा, कोणताही माजी विजेता तोवर इतका खाली गेला नव्हता.

त्यातून वर काढले ते टोनी मोब्रे यांनी, एका वर्षात. ते पाच वर्षांहून अधिक राहिले, आणि राहू दिले तर माणूस काय करतो याचे उदाहरण घालून गेले. त्यांचे वारस योन डाल टोमासन यांचा संघ 2023 मध्ये पुन्हा गोलांच्या फरकानेच वर जाण्यासाठीच्या प्ले-ऑफला मुकला; ज्या संडरलंडने ती जागा घेतली त्याचे व्यवस्थापक मोब्रेच होते. टोमासन यांच्यामागून आलेल्या जॉन युस्टेस यांनी मे 2024 मध्ये शेवटच्या दिवशी विजेत्या लेस्टरला त्यांच्याच मैदानावर 2–0 असे हरवून संघ वाचवला, आणि पुढच्याच हंगामात, संघ वरच्या स्थानांसाठी झगडत असताना, ते आपण होऊन तळाजवळ असलेल्या डर्बीकडे निघून गेले.

राव कुटुंबाने पैसा दिला नाही, असे त्यांच्या कट्टर विरोधकांनाही म्हणता येणार नाही. तोटा त्यांनी वर्षानुवर्षे भरून काढला, आणि 2023 पासून हिंदुस्थानातून रक्कम पाठवण्यास दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, तेव्हाही हात अगदीच आखडला नाही. तक्रार आहे ती गैरहजेरीची. वॉकरही चुकत, पण ते सज्जात बसलेले दिसत, आणि दिसणाऱ्या धन्यावर रागावता येते व त्याला क्षमाही करता येते. म्हणून मुळामुठेच्या काठच्या या मालकांस एका मराठी वाचकाची एवढीच विनंती आहे: वर्षातून चार शनिवार तरी आपण डार्वेन नदीकाठच्या त्या मैदानावर जाऊन बसावे.