सिबिल ‘साफ’ करून देणाऱ्यांपासून सावध

कर्ज मागायला गेलेल्या माणसाला बँकेतले साहेब सांगतात, ‘तुमचे सिबिल खराब आहे.’ मान खाली घालून तो बाहेर येतो आणि त्याला एजंट गाठतो : ‘पाच हजार द्या, आठ दिवसांत साफ करून देतो.’ नांदेड-लातूरच्या वस्त्यांतील बंधू-भगिनींना आम्ही सांगतो, खरी थकबाकी पैसे चारून पुसली जात नाही.

चुकीची नोंद मात्र दुरुस्त होते आणि तीही फुकट. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हायमार्क या चार कंपन्या आपल्या कर्जाची नोंद ठेवतात. फायनान्सवाल्यांचे गटाचे कर्जही त्यात येते. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 पासूनचा नियम आहे. ‘रुपयाचा प्रश्न’ 1923 साली जगापुढे मांडणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे. हिशेबाचा कागद वाचायला लाजायचे कशाला? इंग्रजी अडत असेल तर कॉलेजातल्या पोराला बसवा.

फेडलेले कर्ज बाकी दिसते किंवा दुसऱ्याचेच आपल्या नावावर दिसते, तर त्या कंपनीकडे किंवा बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोज 100 रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येते.

एजंटाला आधार, पॅन, ओटीपी देऊ नका. त्यावर तो तुमच्याच नावे नवे कर्ज उचलू शकतो. ओटीपी सांगून बसला असाल तर आधी बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा.