सुटलेली दारू सुटलेलीच राहावी म्हणून

1971 च्या मे महिन्यात अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य, रॉबर्ट स्टील आणि मॉर्गन मर्फी, व्हिएतनामहून परतले ते धसका घेऊनच. तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी शेकडा दहा ते पंधरा जण हेरॉईनच्या आहारी गेलेत, असं त्यांनी सांगितलं. हेरॉईन तिथे इतकं शुद्ध आणि स्वस्त मिळे की सुई टोचायचीही गरज नसे. पोरं सिगारेटीत भरून ओढत. आता ही पोरं आपापल्या गावी परतणार, या कल्पनेने वॉशिंग्टन हादरलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉ. जेरोम जॅफी यांच्या हाताखाली नवं खातंच उघडलं. घरी निघालेल्या सैनिकाची लघवी तपासायची आणि त्यात हेरॉईन सापडलं तर उपचार केल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, असं ठरलं.

पुढे जे झालं ते कोणालाच अपेक्षित नव्हतं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी त्या वर्षी सप्टेंबरात परतलेल्या सुमारे 900 जणांना शोधून काढून मुलाखती घेतल्या. पाचातला एक जण तिथे खरोखरच व्यसनात अडकला होता. पण अडकलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा अडकले ते शंभरात अवघे पाच. तीन वर्षांचा हिशेब केला तरी आकडा बाराच्या वर गेला नाही. तिथे अडकलेल्यांपैकी निम्म्यांनी घरी येऊन एखाद्या वेळी हेरॉईन घेऊनही पाहिलं होतं! हे निष्कर्ष कित्येक वर्षं तज्ज्ञांनाही पटत नव्हते.

याची कारणं एकाहून जास्त सांगितली जातात. एक मात्र उघड आहे: छावणी, कंटाळा, भीती, ओढणारी संगत आणि हाताशी असलेला माल हे सगळं त्यांनी हजारो मैल मागे टाकलं होतं.

हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. उपचार केंद्रातून ठणठणीत होऊन आलेला आपला माणूस रिक्षातून उतरतो तो त्याच गल्लीत. तोच नाका, तीच परमिट रूम, तेच मित्र, तीच पगाराची तारीख, आणि घरात त्याच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नाही. दारू शरीरातून उतरायला थोडे दिवस पुरतात. खरा प्रश्न त्यानंतरच्या वर्षांचा असतो. भोवताल सोडून जाता येत नसेल, तर माणसांचाच दुसरा भोवताल उभा करता येईल का? गेल्या नव्वद वर्षांत या प्रश्नाची काही थक्क करणारी उत्तरं सापडली, आणि त्यातली बहुतेक डॉक्टरांनी नव्हे, तर पिणाऱ्यांनीच शोधली.

पहिलं उत्तर ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात सापडलं, मे 1935 मध्ये. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातून उठलेला माणूस एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीसाठी तिथे आला होता. खटपट फसली, सोबती निघून गेले, खिशात फारसं काही उरलं नाही. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात तो येरझारा घालत होता. एका बाजूने बारमधले हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. त्या पाच महिन्यांत त्याने कितीतरी बेवड्यांना सुधारायचा प्रयत्न केला होता आणि एकही सुधारला नव्हता. पण या काळात स्वतः बिल प्यायला नव्हता, आणि त्याच्या बायकोने, लोईसने, हे त्याच्या लक्षात आणून दिलं होतं. दुसऱ्याला धरून ठेवण्याच्या धडपडीत आपणच उभे राहतो, हे त्याला उमगलं होतं. त्याने फोन उचलला आणि धर्मगुरूंना विचारलं, मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का?

फोनांची साखळी डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोचली. हा गृहस्थ पिण्यापायी व्यवसाय घालवत आला होता. दुसऱ्या दिवशी, मातृदिनाच्या संध्याकाळी पाच वाजता, बायकोच्या आग्रहाखातर तो बिलला भेटायला आला तो पंधरा मिनिटांच्या बोलीवर. उठला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उपदेश त्याने आयुष्यभर ऐकला होता. समोरचा माणूस मात्र उपदेश करत नव्हता, स्वतःची फजिती सांगत होता.

गोष्ट इथे संपली नाही, आणि ते बरंच झालं. काही आठवड्यांनी डॉ. बॉब डॉक्टरांच्या अधिवेशनाला गेला आणि पिऊन तर्र होऊन परतला. त्याला शस्त्रक्रिया करायची होती. 10 जून 1935 च्या सकाळी हाताचा कंप थांबावा म्हणून बिलनेच त्याला बिअरची एक बाटली दिली. डॉ. बॉबची ती शेवटची दारू. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं ‘एए’ म्हणतात, त्या चळवळीचा वाढदिवस याच तारखेला धरतात. म्हणजे ही संस्था जन्मालाच आली ती एका ‘स्लिप’नंतर. घसरलेल्याला हाकलून द्यायचं नाही, हे तिच्या रक्तात तेव्हापासून आहे.

एएची घडण कोणत्याही व्यवस्थापनतज्ज्ञाला वेडेपणाची वाटेल. अध्यक्षाचा हुकूम नाही, वर्गणी नाही, सदस्यांची यादी नाही; दारू सोडायची इच्छा एवढीच अट. बिलला सुरुवातीला इस्पितळं आणि पगारी प्रचारक हवे होते. त्यासाठी त्याने जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्याकडे मदत मागितली. रॉकफेलरनी पाच हजार डॉलर दिले आणि जास्त पैशाने हे काम बिघडेल असं बजावलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत घराण्यातून आलेला हा सल्ला मला तरी त्यांच्या सगळ्या देणग्यांहून मोलाचा वाटतो. आजही सभेत टोपी फिरते ती सदस्यांपुरतीच. बाहेरच्याने देऊ केलेले पैसे परत केले जातात.

भारतात एए 1957 मध्ये दिल्लीत सुरू झाली. महाराष्ट्रात आता शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात मराठीतून सभा भरतात. एक जण उभा राहतो, पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो आणि आपली कथा सांगू लागतो. बायकोचं मंगळसूत्र कसं विकलं, पोराच्या फीचे पैसे कुठे गेले. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. पंधरा वर्षं न प्यायलेला माणूसही ‘मी सोडली’ असं छातीठोकपणे सांगत नाही. फक्त आजच्या दिवसापुरतं बोलतो. नव्या माणसाला एक जुना माणूस ‘स्पॉन्सर’ म्हणून मिळतो. रात्री अकरा वाजता ‘क्रेव्हिंग’ आलं की फोन करायचा तो त्याला.

एएच्या शिकवणीतला देवाचा उल्लेख अनेकांना खटकतो, आणि सगळ्यांनाच ही वाट मानवत नाही. पण हा नुसता भाबडेपणा आहे, हे म्हणणंही आता टिकत नाही. 2020 साली वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने 27 अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. रुग्णाला एएच्या वाटेला लावणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने शंभरातले 42 जण पूर्ण कोरडे होते. इतर प्रस्थापित मानसोपचारांनंतर 35. फरक डोळे दिपवणारा नाही. पण हे औषध फुकट मिळतं.

दुसरं उत्तर 1975 चं, मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगचं. सरकारी पैसा आटला म्हणून व्यसनमुक्तांचं एक वसतिगृह बंद होणार होतं. तिथे राहणाऱ्यांनीच ते घर भाड्याने घेतलं आणि त्यातून ‘ऑक्सफर्ड हाऊस’ उभं राहिलं. वॉर्डन नाही, पगारी नोकर नाही. भाडं वाटून भरायचं, पदाधिकारी आपल्यातूनच निवडायचे, आणि जो पुन्हा घेईल त्याला मतदान करून बाहेर काढायचं. इथे एएची माया नाही. पण एकाने ढोसली तर सगळं घर धोक्यात येतं, हेही खरं. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाने उपचार संपवलेल्या 150 जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दोन वर्षांनी नेहमीच्या पद्धतीने घरी गेलेल्यांपैकी शंभरातले 65 जण पुन्हा घेत होते. या घरांत राहायला गेलेल्यांपैकी 31. आज अमेरिकेत अशी तीन हजारांवर घरं आहेत.

आपल्याकडचं उत्तर पुण्यातलं. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख पु. ल. देशपांडे आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी वाचले आणि एक लाख रुपये देऊ केले. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. 29 ऑगस्ट 1986 रोजी त्याच आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथे पेशंटला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण तिथेच समुपदेशक झाले. थापा कशा मारायच्या हे त्यांना तोंडपाठ, म्हणून त्यांच्यापुढे थाप चालत नाही. खरा कणा आहे तो घरी गेल्यानंतरच्या ‘फॉलोअप’चा. निरनिराळ्या गावांत ठरल्या दिवशी माणसं जमतात, आणि कोणी आला नाही तर चौकशी होते.

आणि रुग्णमित्रांच्या बायकांचा गट, ‘सहचरी’. लोईस विल्सननेही 1951 मध्ये कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ काढलं ते घरच्यांनाही सोबत लागते म्हणूनच. नवरा पीत असताना जिने घर, कर्ज, पोरं सगळं सांभाळलं, तिला नवरा कोरडा झाल्यावर पाकीट पुन्हा त्याच्या हाती द्यायचं जड जातं. रोज तोंडाचा वास घेऊन पाहणं ही तिची सवय बनलेली असते. याबद्दल तिला दोष देणं सोपं आहे. ही सवय सुटायलाही सोबत लागते.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने कोणाच्या तरी शपथेखातर एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी. आणि कुठे जायचं हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक आहे 14446. त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत, आणि पिणाऱ्यानेच करायला हवा असंही नाही. घरच्यांनी केला तरी चालतो.