रुळांवरची मुंबई – ७ : नोटिशीचा संप आणि अचानकचा ‘काम बंद’

मागच्या आठवड्यात लोकलचं वेळापत्रक कसं बसवतात ते पाहिलं. ते चालवणाऱ्यांनीच हात वर केले तर काय होतं, ते आज पाहू.

रेल्वे संप म्हटलं की जुन्या मंडळींना मे १९७४ आठवतो. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा तो देशव्यापी संप जवळपास तीन आठवडे चालला. पण तो सांगून आला होता. रेल्वेत संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि त्या मुदतीत बैठका होऊन बहुतेक संप विरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी कर्मचाऱ्यांनी मतदानाने संपाचा कौल दिला, तरी गाड्या चालूच राहिल्या.

चाकरमान्याचा जीव जातो तो अचानक थांबलेल्या गाडीत. हे अक्षरशः झालं ६ नोव्हेंबर २०२५ ला. मुंब्र्याजवळच्या लोकल दुर्घटनेप्रकरणी रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवल्याच्या निषेधार्थ सीएसएमटीला ऐन संध्याकाळी गाड्या रोखल्या गेल्या. आंदोलन तासाभरातच आटोपलं, पण थांबलेल्या लोकलमधून उतरून रुळांवरून चालणाऱ्यांना सँडहर्स्ट रोडजवळ लोकलने उडवलं. दोघे गेले. गुन्ह्याबद्दलचा राग समजू शकतो, पण संध्याकाळची ती वेळ निवडणं मला अक्षम्य वाटतं.

बरं, सगळ्यांनी काम थांबवायचीही गरज नसते. मे २०१० मध्ये वेतनश्रेणीसाठी मोटरमननी उपोषण पुकारलं आणि मुंबई दोन दिवस लंगडली. एक मोटरमन ड्युटीवर आला नाही की त्याचा रेक फलाट अडवून बसतो आणि मागच्या गाड्या सिग्नलला तुंबतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य रेल्वेच्या मोटरमननी जादा ड्युटी नाकारली, तेवढ्यानेही फेऱ्या धडाधड रद्द झाल्या. यात दोष एकट्या मोटरमनचा कसा म्हणायचा? वेळापत्रकच ओव्हरटाइमच्या भरवशावर चालत असेल, तर नियमाप्रमाणे काम हाही संपच होतो.

मग लोकल थांबली की पर्याय काय? बसचं म्हणाल, तर गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार-साडेचार हजार माणसं असतात. त्यांच्यासाठी साठेक बस लागतील, आणि पुढची लोकल तीन-चार मिनिटांवर.

फक्त मध्य रेल्वे बंद असेल, तर घाटकोपरकराचं भागतं: मेट्रोने अंधेरी, तिथून चर्चगेट फास्ट, नाहीतर मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो. पश्चिम रेल्वे बंद पडली, तर बोरिवलीहून मेट्रोने गुंदवलीपर्यंत यायचं आणि पुढे तोच मरोळ नाका. अंधेरीत मात्र घाटकोपरहून येणारी मेट्रो बंद स्टेशनच्या दारात माणसं ओततच राहते. आणि मध्य रेल्वे बंद असताना मुलुंडकराला आधी घाटकोपर गाठायचं असतं, तेही एलबीएस मार्गाने, मेट्रो ४ च्या खांबांखालून, मीटरने यायला तयार रिक्षा मिळालीच तर.

(पुढच्या आठवड्यात : मेगाब्लॉक)