स्थलांतरितांचा वाचनव्यवहार आणि सार्वजनिक ग्रंथालय : वेस्ट मांबलमचा संदर्भ

सार्वजनिक ग्रंथालयाकडे स्थलांतरित दोन कारणांनी वळतो. नव्या भूमीची भाषा, तेथील रोजगार आणि परीक्षा यांची ओळख करून घेणे हे एक. मागे राहिलेल्या भाषेतील वाचन चालू ठेवणे हे दुसरे. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या सीवर्ड पार्क शाखा ग्रंथालयात (इमारत १९०९) ज्यू स्थलांतरितांची ही दोन्ही प्रयोजने एकाच छपराखाली साधत. इंग्रजी ग्रंथांबरोबर तेथे यिद्दिश ग्रंथही मिळत. देशांतर्गत स्थलांतरात ही प्रयोजने निरनिराळ्या संस्थांत विभागली जातात. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधील मराठी भाषकाच्या स्थितीवरून हे स्पष्ट होते.

तमिळनाडूतील मराठी भाषक समाज एकसंध नाही. सतराव्या शतकात तंजावरला भोसले राजवट स्थापन झाल्यावर तेथे रुजलेल्या कुटुंबांची ‘दक्षिणी मराठी’ हा एक थर. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी आलेले गलाई कारागीर आणि नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे हा दुसरा. पहिल्या थराची मराठी मुख्यतः घरातील बोली म्हणून टिकली. शिक्षण व लेखन तमिळ आणि इंग्रजीत गेले. दुसऱ्या थरातील मोठी माणसे मराठी वाचतात. इथेच वाढलेल्या त्यांच्या मुलांना मात्र ती शाळेत सहसा भेटत नाही.

दोन्ही थरांना सर्वांत जवळची संस्था म्हणजे शाखा ग्रंथालय. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या १९४८ च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मालमत्ता करावरील अधिभारातून अशा ग्रंथालयांचा खर्च भागविण्याची सोय केली. भाडेकरूही घरभाड्यातून या अधिभाराचा अप्रत्यक्ष भार उचलतो, असे म्हणता येते. स्वाभाविकपणेच या ग्रंथालयांचा भर तमिळ ग्रंथ आणि वृत्तपत्रांवर आहे. स्थलांतरिताचे पहिले प्रयोजन येथे साधते.

दुसऱ्या प्रयोजनासाठी मांबलम स्थानकावरून उपनगरी गाडीने एळुंबूर, म्हणजे एग्मोर, गाठावे लागते. तेथील कन्नेमारा सार्वजनिक ग्रंथालय १८९६ मध्ये खुले झाले. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याखाली प्रकाशकांकडून प्रती मिळविणाऱ्या देशातील चार ग्रंथालयांपैकी ते एक आहे. कोणत्याही भारतीय भाषेतील नवे पुस्तक प्रकाशनापासून ३० दिवसांत तेथे पाठविणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. कसूर झाल्यास पन्नास रुपयांपर्यंतचा दंड व पुस्तकाची किंमत एवढीच शिक्षा. पुणे-मुंबईत छापलेले मराठी पुस्तक अशा रीतीने, निदान कायद्याच्या हिशेबाने, तमिळ प्रदेशात पोहोचते. परंतु ठेव-प्रतीचे पहिले उद्दिष्ट जतन हे आहे. कायदा प्रत पोहोचवितो, वाचक नव्हे.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही हाच पेच जुन्या रूपात दिसतो. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी समृद्ध केलेला हा संग्रह १९१८ मध्ये जनतेला खुला झाला. त्यातील मोडी कागदपत्रे मात्र त्याच राजवटीच्या आश्रयाने रुजलेल्या कुटुंबांच्या बहुसंख्य वंशजांना आज वाचता येत नाहीत. द्वार उघडले, पण लिपी मिटलेली राहिली.

तौलनिक साहित्याभ्यासात एखाद्या प्रदेशातील परभाषक वाङ्मयाचा प्रभाव ठरविताना ग्रंथसंग्रह किंवा जनगणनेतील भाषकसंख्या आधाराला घेतली जाते. वेस्ट मांबलमचे उदाहरण या दोन्ही पुराव्यांच्या मर्यादा दाखविते. घरात मराठी बोलणारा, मराठी लिपी वाचणारा आणि मराठी ग्रंथाशी प्रत्यक्ष भेटणारा हे तिघे एकच असतील असे नाही. त्यांच्यातील अंतर कमी करण्याचे सामर्थ्य एग्मोरच्या भव्य संग्रहापेक्षा चालत जाण्याच्या अंतरावरील शाखेत अधिक आहे. तेथे लहान मुलांच्या मराठी पुस्तकांचे एक कपाट असणे ही केवळ सोय नव्हे. पुढील पिढीचा मराठी वाचक असेल की नुसता भाषक, हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.