एरंडोलच्या लाइनवर फॅक्स मोडेम

जळगाव-धुळे महामार्गावरच्या एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी लिनक्सवर फॅक्स सर्व्हर बसवायचा, तर आधी तिथल्या फोन लाइनवर साधा टेलिफोन लावून ऐका. खरखर असेल तर ती आधी काढून घ्या. मोडेम सिरियल पोर्टला बाहेरून जोडायचाच घ्यावा. संगणकाच्या आतले स्वस्त ‘विनमोडेम’ लिनक्सवर बहुधा चालत नाहीत. ‘एटी+एफक्लास=?’ या आज्ञेला उत्तरात १, २ किंवा २.० आले, की मोडेम फॅक्सचा आहे असे समजा.

खरी मेख पुढे आहे. सॅम लेफलर यांच्या हायलाफॅक्स या फॅक्स सर्व्हर सॉफ्टवेअरमधली ‘फॅक्सअ‍ॅडमोडेम’ ही आज्ञा अमेरिकी आकडे गृहीत धरते : देश १, एसटीडी १, आयएसडी ०११. आपल्याकडे ते ९१, ० आणि ०० करायचे. आपला डायल टोन ४०० हर्ट्‌झचा, २५ हर्ट्‌झने हेलकावणारा. परदेशी घडणीच्या मोडेमला तो ओळखू आला नाही, तर ‘नो डायलटोन’ येते आणि माणूस उगाच वायरी बदलत बसतो. अशा वेळी सुरुवातीच्या आज्ञेत ‘एक्स३’ घाला. मोडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो.

पान मध्येच तुटत असेल, तर वेग १४,४०० वरून ९,६०० बिट प्रतिसेकंदावर आणा. पान उशिरा जाईल, पण पुरते जाईल.